फॉलोअर्सचा रकाना आणि मुखपृष्ठावरचा चेहरा

कोरा_कागद (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. हे लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज बसून लिहूनच काढते.

मी अकरा वर्षं एका फॅशन मासिकात पानं लावायचं काम केलं. मासिकाचं नाव घेत नाही. कुणा एकाबद्दल तक्रार करायची नाहीये, आणि जे आमच्याकडे झालं ते इतर ठिकाणीही झालं. मी रुजू झाले तेव्हा मुखपृष्ठ ठरवायची एक पद्धत होती. शूटमधले निवडक पाच-सहा फोटो अंकाच्या आकारात छापून घ्यायचे, वर मासिकाचं नाव आणि मथळे टाकायचे आणि भिंतीवर टाचण्यांनी लावायचे. मग सगळ्यांनी दहा पावलं मागे जायचं. संपादक बाई एकच प्रश्न विचारायच्या, "नजर आधी कुठे जाते?" त्यावर अर्धा-अर्धा तास वाद व्हायचा. कुणी म्हणायचं डोळ्यांवर, कुणी म्हणायचं कॉलरच्या पिवळ्यावर. अगदीच एकमत झालं नाही तर फोटो दोन दिवस तसेच ठेवायचे, येता-जाता बघायचे आणि ज्याचा कंटाळा येत नाही तो घ्यायचा.

पुढे बैठकीत एक तक्ता यायला लागला. नाव, नवीन काय येतंय, कोणत्या ब्रँडशी करार आहे, मोकळ्या तारखा. काही महिन्यांनी त्यात शेवटी एक रकाना वाढला: फॉलोअर्स. दोन वर्षांत तो सरकत सरकत नावाच्या शेजारी येऊन बसला.

एक प्रसंग डोक्यातून जात नाही. त्या महिन्यात आमची दोन शूट झाली होती. एक अगदी नव्या मॉडेलचं. तिचा एक फोटो होता: ओले केस मागे घेतलेले, मान थोडी वळलेली, आणि कॅमेऱ्याशेजारी उभ्या असलेल्या कुणाला तरी ती काहीतरी विचारायच्या बेतात आहे. तो प्रिंट भिंतीवर लागला आणि खोलीतलं बोलणं थांबलं. दुसरं शूट लाखो फॉलोअर्स असलेल्या मुलीचं. कष्टाळू मुलगी, वेळेवर आली, सगळ्यांशी नीट वागली, तिच्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण तिला एकच कोन ठाऊक होता. डावा गाल, हनुवटी खाली, ओठ किंचित उघडे. फोनसमोर रोज करून करून तो अंगात मुरला होता. दोनशेच्या वर फोटो, सगळ्यांत तोच चेहरा. मुखपृष्ठ तिचं झालं. दुसऱ्या मुलीचा फोटो आतसुद्धा पूर्ण पान मिळवू शकला नाही.

ज्याला आधीच सगळे बघतायत त्यालाच दाखवायचं, असं एकदा ठरलं की मासिकाने स्वतःहून बघायचं काय उरतं? तुमचं काय मत आहे, मनापासून ऐकायचंय.

अनुक्रमणिका

फार चांगला विषय. मी जुने अंक जमवते, त्यामुळे या बदलाचे टप्पे माझ्या कपाटातच रांगेने उभे आहेत.

व्होग हे फॅशन मासिक, वेगवेगळ्या देशांत त्याच्या वेगळ्या आवृत्त्या निघतात. नोव्हेंबर १९८८ चा अमेरिकन व्होग, ॲना विंटूर यांचा संपादक म्हणून पहिला अंक. मुखपृष्ठावर मिकाएला बेर्कू ही मॉडेल. बाहेरच्या जगात तिला फारसं कुणी ओळखत नव्हतं. अंगात फ्रेंच डिझायनर क्रिस्तियान लाक्र्वाचं खड्यांनी मढवलेलं जाकीट आणि खाली साधी जीन्स, कारण जाकिटाबरोबरचा स्कर्ट तिला बसला नाही. फोटो पीटर लिंडबर्ग यांचा. डोळे अर्धवट मिटलेले, वाऱ्याने केस उडालेले. छापखान्यातून फोन आला होता की चुकून दुसराच फोटो तर आला नाही ना. सहाच महिन्यांनी, मे १९८९ ला, त्याच संपादकांनी पॉपगायिका मॅडोनाला मुखपृष्ठावर घेतलं. म्हणजे दोन्ही वाटा एकाच टेबलावरून निघाल्या.

जानेवारी १९९० चा ब्रिटिश व्होग, पुन्हा लिंडबर्ग, कृष्णधवल, पाच जणी: नाओमी कॅम्पबेल, लिंडा एव्हांजेलिस्टा, तात्याना पाटिट्झ, ख्रिस्टी टर्लिंग्टन, सिंडी क्रॉफर्ड. इथून मॉडेल स्वतःच तारका झाली. पण दशक संपेपर्यंत तिची जागा खऱ्या तारकांनी घेतली. एकट्या १९९८ मध्ये अमेरिकन व्होगवर स्पाइस गर्ल्स, ओप्रा विन्फ्रे आणि हिलरी क्लिंटन येऊन गेल्या.

आणि मग एप्रिल २०१४. रिॲलिटी शोमुळे प्रसिद्ध झालेली किम कार्डाशियन आणि रॅपर कान्ये वेस्ट, फोटो ॲनी लीबोविट्झ यांचा, मुखपृष्ठावर चक्क हॅशटॅग: जगातलं सगळ्यात चर्चेतलं जोडपं. लोक इतके चिडले की एका अभिनेत्रीने वर्गणी बंद करते म्हणून ट्विटरवर जाहीर केलं. विंटूर यांनी संपादकीयात लिहिलं की कुणी गळ घातलेली नाही, कल्पना पूर्णपणे आमचीच. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अंकावर नऊ मॉडेल होत्या आणि त्यांना नाव दिलं होतं 'इन्स्टागर्ल्स'. इन्स्टाग्राम तेव्हा जेमतेम चार वर्षांचं होतं.

एप्रिल २०१५ ला व्होग स्पेनने कियारा फेराग्नीला घेतलं. व्होगच्या मुखपृष्ठावर आलेली ती पहिली फॅशन ब्लॉगर. मे २०१७ ला व्होग इंडियाच्या दहाव्या वर्षाच्या अंकावर अमेरिकन मॉडेल केंडल जेनर आली, तेव्हा भारतीय चेहरा का नाही म्हणून झालेला गदारोळ इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल.

तेव्हा कोरा_कागद, तुमचा रकाना आला त्याच्या आधीही एक रकाना होता. फक्त तो कागदावर लिहीत नसत.

टाकाटिपा

मी स्टायलिस्टच्या हाताखाली काम करते. बाहेरून न दिसणारी गोष्ट सांगते.

मुखपृष्ठावर कोण, हे ठरलं की कोणते कपडे, हे जवळपास आपोआप ठरतं. तारकेचा एखाद्या मोठ्या फॅशन घराण्याशी, म्हणजे कपड्यांच्या ब्रँडशी, करार असतो, तिने दुसऱ्या कुणाचं घालायचं नसतं. कपडे येतात ते मोठ्या ट्रंकेतून, प्रत्येक पोशाखासोबत शोमधला फोटो आणि यादी. बऱ्याचदा अट असते की जसा रॅम्पवर दिसला तसाच पूर्ण पोशाख घालायचा; याचं जाकीट आणि त्याची पँट चालणार नाही. १९८८ चं ते जाकीट-जीन्स आज कुणी मागितलं तर परवानगी मिळेपर्यंत अंक छापून होईल.

म्हणजे फॉलोअर्स मासिकालाच हवे असतात असं नाही. मुखपृष्ठाचा फोटो तिच्या खात्यावर पडणार, तिथे कपड्याचं नाव टॅग होणार, आणि ते कपड्याच्या घराण्याला हवं असतं. तेच घराणं आत जाहिरातीची पानं घेतं. त्या रकान्याकडे तीन जण एकदम बघत असतात.

आणि एक. नव्या मॉडेलवर कपडा बसवणं हे आमचं खरं काम. पाठीमागे चिमटे लावून कंबर आवळायची, बाहीची घडी आत टिपायची, कॉलर एका बाजूने दोन बोटं खाली ओढायची आणि लांब जाऊन बघायचं. एकदा एका नवीन मुलीने कोट खांद्यावरून अर्धा घसरू दिला, मुद्दाम नाही, दमली होती म्हणून. स्टायलिस्ट ताई ओरडल्या, "हलू नकोस!" तोच फोटो गेला. मोठ्या नावाबरोबर हे घडायला जागा कमी, कारण तिच्यासोबत तिचा मेकअपवाला, तिची केसवाली, तिची प्रसिद्धीवाली आणि वेळ मोजून चार तास.

रीळ

वरचं सगळं वाचलं. मी वीस वर्षं फोटो काढतोय आणि मला या हळहळीत एक मोठा भाग निसटलेला दिसतो. नम्रपणे पण ठामपणे लिहितो.

भिंतीसमोर दहा पावलं मागे उभं राहून बघणारे डोळे कुणाचे होते? मार्च १९६६ ला ब्रिटिश व्होगच्या मुखपृष्ठावर डॉनयेल लूना आली, व्होगच्या मुखपृष्ठावरची पहिली कृष्णवर्णीय मॉडेल. डेव्हिड बेली यांच्या त्या फोटोत तिचा हात चेहऱ्यावर आहे, बोटांच्या फटीतून एक डोळा दिसतो, बाकी चेहरा झाकलेला. अमेरिकन व्होगला बेव्हर्ली जॉन्सन दाखवायला ऑगस्ट १९७४ उजाडावं लागलं. १९८८ ला पॅरिसच्या व्होगवर नाओमी कॅम्पबेल आली ती डिझायनर ईव्ह सां लोराँ यांनी आपलं वजन वापरल्यावर. ओप्रा विन्फ्रेंचा उल्लेख वर आलाय. मुखपृष्ठाआधी त्यांना २० पौंड वजन उतरवायला सुचवलं होतं, म्हणजे साधारण नऊ किलो. ती त्या काळातली सगळ्यात प्रभावी टीव्ही सूत्रधार होती आणि तिलासुद्धा हे ऐकावं लागलं.

आता पालोमा एल्सेसरचं बघा. भरल्या अंगाची मुलगी, कोणत्याही एजन्सीच्या मापात न बसणारी. मेकअप आर्टिस्ट पॅट मॅकग्रा यांनी तिला इन्स्टाग्रामवर पाहिलं आणि काम दिलं. जानेवारी २०२१ ला ती अमेरिकन व्होगच्या मुखपृष्ठावर होती. फोन नसता तर ती कुणाच्या भिंतीवर टाचली गेली असती का? मला वाटत नाही.

फोटोग्राफरचंही तेच. सप्टेंबर २०१८, मुखपृष्ठावर बियॉन्से, कॅमेऱ्यामागे २३ वर्षांचा टायलर मिचेल. अमेरिकन व्होगचं मुखपृष्ठ टिपणारा तो पहिला कृष्णवर्णीय छायाचित्रकार. मासिक निघालं १८९२ ला. १२६ वर्षं गेली मध्ये.

तेव्हा तो रकाना वाईट असेल, पण त्याच्या आधीच्या दाराला तर बाहेरून कडीच होती.

कोरा_कागद

रीळ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. खरं आहे, आणि मी लिहिताना ते विसरले. आमच्या भिंतीवर अकरा वर्षांत सावळा चेहरा किती वेळा लागला ते बोटांवर मोजता येईल, आणि तेव्हा ते मला खटकलंही नव्हतं. खटकायला हवं होतं.

पण एक सांगा. पालोमाला मॅकग्रांनी पाहिलं तेव्हा त्यांनी तिच्या खात्यावरचा आकडा बघितला की चेहरा? मला वाटतं चेहरा. तेच तर मी म्हणतेय. फोनवर शोधणं आणि फोनवर मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मधलंपान

हिशेबाच्या बाजूने लिहितो, कारण मी जाहिरात विभागात होतो.

मुखपृष्ठ हा पूर्वी स्टॉलवरचा फेरीवाला होता. चार फुटांवरून जाणाऱ्या माणसाला थांबवणं हे त्याचं काम. म्हणून डोळे थेट तुमच्याकडे, म्हणून मोठे मथळे, म्हणून लाल-पिवळा रंग. कोणत्या मुखपृष्ठाला किती अंक खपले हे आम्हाला नंतर कळायचं आणि पुढच्या वेळी त्यानुसार ठरायचं. म्हणजे मोजणं तेव्हाही होतंच, फक्त उशिरा व्हायचं.

मग स्टॉलच आटले. अमेरिकेत टीन व्होगचा छापील अंक २०१७ ला बंद झाला, ग्लॅमरचा नियमित छापील अंक २०१९ च्या सुरुवातीला, इनस्टाइल आणि अल्युअर २०२२ ला. छापील अंक नसताना 'डिजिटल मुखपृष्ठ' काढायचं. न छापलेल्या अंकाला मुखपृष्ठ कशाला? तर पोस्ट करायला.

आता स्टॉल म्हणजे मुखपृष्ठावर असलेल्या व्यक्तीचं खातं. मासिकाचे स्वतःचे वाचक कमी आणि तिच्या खात्यावर दसपट माणसं. उद्या सकाळी नऊला तिने फोटो टाकला की तिच्या माणसांपैकी थोडे आमच्या साइटवर येतात, आणि ते आकडे घेऊन मी जाहिरातदाराकडे जातो. मी स्वतः गेलोय. जाहिरातदार अंक उघडून बघत नाही, पहिला प्रश्न असतो, "ती पोस्ट करणार आहे ना?" काही वेळा ते करारातच लिहून घेतलेलं असतं: किती पोस्ट, किती स्टोरी, कोणत्या दिवशी.

हे मला आवडत होतं असं नाही. पण पगार त्यातून निघत होते, तुमचेही, कोरा_कागद.

कोरा_कागद

हो, माझाही. ते नाकारत नाही.

तुमच्या 'स्टॉल'वरून आठवलं. शेवटच्या तीन वर्षांत आम्ही भिंतीवर प्रिंट लावणं सोडून दिलं होतं. मुखपृष्ठ पोस्टाच्या तिकिटाएवढं करून फोनवर बघायचं, हीच परीक्षा. त्या आकारात बारीक काहीच टिकत नाही. कापडाचा पोत जातो, नजरेतला विचार जातो. टिकतो तो ओळखीचा चेहरा, कारण ओळखीचा चेहरा तिकिटाएवढाही ओळखू येतो. अनोळखी चेहऱ्याला मोठं पान लागतं. हे मला काम करताना कळलं, कुणी सांगितलं नव्हतं.

मथळे नसलेली एक प्रत वेगळी काढायची, पोस्टसाठी. तिच्यावर मासिकाचं नाव असायचं, आणि तेही अर्धं केसांमागे गेलेलं.

अनुक्रमणिका

> अनोळखी चेहऱ्याला मोठं पान लागतं

हे वाक्य वाचून उठले आणि कपाटातून तो अंक बाहेर काढला.

पायवाट

पहिल्यांदाच लिहितेय, इतके दिवस नुसती वाचत होते. मी मॉडेल म्हणून सात वर्षं काम केलं.

मॉडेलचं एक कार्ड असतं. पुढे चेहरा, मागे तीन-चार फोटो आणि मापं: उंची, छाती, कंबर, नितंब, बुटाचा नंबर, डोळ्यांचा रंग. माझ्या चौथ्या वर्षी एजन्सीने नवीन कार्ड छापलं आणि बुटाच्या नंबराखाली माझं इन्स्टाग्राम खातं आणि आकडा आला. नऊ हजार चारशे. मला आजही तो आकडा पाठ आहे, कारण पुढची दोन वर्षं प्रत्येक ठिकाणी माझ्या चेहऱ्याआधी तो वाचला गेला.

एका कास्टिंगला फोटो बघून समोरच्या बाई खरंच खूश झाल्या. दोनदा चालून दाखवायला लावलं. मग कार्ड उलटलं आणि म्हणाल्या, "छानच आहेस गं, पण खातं वाढव आणि मग ये." कसं वाढवायचं ते मला माहीत नव्हतं. माझ्या मैत्रिणीने फॉलोअर्स विकत घेतले, ते सहा महिन्यांत गळून पडले आणि तिचं नाव खराब झालं ते वेगळंच. मी रोज काहीतरी टाकायचा प्रयत्न केला. उठल्याबरोबर तोंड धुवायच्या आत फोटो. हळूहळू आरशात बघतानाही मी चौकटीत बघायला लागले. कोरा_कागद यांनी त्या मुलीबद्दल लिहिलंय ना, एकच कोन अंगात मुरल्याचं, ते वाचून मला तिची फार माया आली. तो कोन तिला कुणीतरी लाइक देऊन देऊन शिकवलेला असतो.

आमच्या कामात शिकवण उलटी होती. आमच्या एका जुन्या फोटोग्राफर काकांचं सांगणं असायचं, "चेहरा मला देऊ नकोस, मी तो शोधतो." ते शोधायला वेळ द्यायचे, रिकाम्या फ्रेम घालवायचे.

आता मी हे काम करत नाही. कडवट होऊन लिहिलं नाही, पण त्या कार्डावर आकडा छापला जाणं मला अजून लागतं.

टाकाटिपा

पायवाट, लिहिलंत ते बरं केलंत. लिहीत राहा.

चांदणचुरा

सगळे एका बाजूने बोलतायत म्हणून चाहत्यांच्या बाजूने थोडं.

मी बीटीएस या कोरियन पॉप गटाची चाहती आहे. जानेवारी २०२२ ला व्होग कोरिया आणि जीक्यू कोरियाने त्यांना मुखपृष्ठावर घेतलं. मी ते अंक मागवले, मला कोरियन वाचता येत नसताना. एक अंक अजून पाकिटातूनही काढलेला नाही. मला माहितीये की तुम्हा लोकांना हे मासिक वाचणं वाटत नाही. पण दुसऱ्या अंकातली सगळी पानं मी बघितलीत. त्यातल्या फोटोंमुळे मला पहिल्यांदा कळलं की कपड्याचा कट म्हणजे काय. खांदा कुठे संपतो आणि बाही कुठे सुरू होते, हे मी तोपर्यंत बघितलंच नव्हतं. मी आले चेहऱ्यासाठी, आणि थांबले दुसऱ्याच गोष्टीसाठी.

तेव्हा प्रसिद्ध माणूस मुखपृष्ठावर असणं म्हणजे दार बंद होणं असंच नसतं. माझ्यासारखीला तेच दार होतं.

मधलंपान

अवांतर नाही, म्हणून इथेच लिहितो: आकडा आता मुखपृष्ठापुरता राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२१ ला व्होग चायनाच्या संपादकपदी मार्गारेट झँग आली. वय २७, ओळख ब्लॉगर आणि इन्फ्लुएन्सर म्हणून. तीन वर्षांनी ती गेली. तिचं काम चांगलं की वाईट यात मी शिरत नाही. पण 'बघणाऱ्या'च्या खुर्चीसाठीही आता 'बघितला गेलेला' माणूस चालतो, हे लक्षात घ्या.

आणि छापल्यानंतरचं वेगळंच. फेब्रुवारी २०२१ च्या अमेरिकन व्होगवर कमला हॅरिस होत्या, काळं जाकीट आणि कॅनव्हासचे बूट. फोटो टायलर मिचेलचा. तो बाहेर आला आणि समाजमाध्यमांवर लोक तुटून पडले: उपाध्यक्ष होणाऱ्या स्त्रीला इतकं घरगुती का दाखवलं? फिक्या निळ्या सूटमधला दुसरा फोटो डिजिटल मुखपृष्ठ म्हणून होताच, नंतर तो घेऊन मर्यादित प्रतींची वेगळी आवृत्ती छापली गेली. पूर्वी वाचक पत्र लिहायचा आणि ते दोन महिन्यांनी छापून यायचं. इथे वाचकांनी मुखपृष्ठच दुसरं काढायला लावलं.

रीळ

आणि जून २०२० ला तर लोकांनी मासिकाची वाटच पाहिली नाही. व्होग चॅलेंज आठवतंय? आपला फोटो घ्यायचा, वर व्होगची अक्षरं टाकायची आणि पोस्ट करायचा. अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध मोर्चे निघत होते ते दिवस. असंख्य कृष्णवर्णीय मुलामुलींनी, हौशी फोटोग्राफरनी स्वतःची मुखपृष्ठं बनवली. मी त्या रात्री तीन तास नुसता बघत बसलो होतो. एका मुलीने खिडकीतल्या उन्हात आजीचा फोटो काढून त्यावर अक्षरं टाकली होती. प्रकाश असा पकडलेला की मला माझ्या वीस वर्षांत जमला नसता.

त्यातला एकही चेहरा कोणत्या तक्त्यात नव्हता. आणि दाद घ्यायला सगळ्यांना अक्षरं हवी होती ती व्होगचीच, हेही मला विसरता येत नाही. लोकांना मासिकाचं 'आम्ही तुला पाहिलं' अजून हवंय. आकडा मोठा झाला तरी ती भूक भागलेली नाही.

अनुक्रमणिका

काल जो अंक काढला म्हणाले तो दाखवता येत नाही, म्हणून वर्णन करते. व्होग फिलिपिन्स, एप्रिल २०२३. आपो व्हांग-ओद. कलिंगा प्रांतातल्या बुस्कालान गावच्या, हाताने गोंदणाऱ्या. काट्याने टोचून काजळी भरतात, बांबूच्या काठीवर दुसरी काठी ठोकत. अंक निघाला तेव्हा त्यांचं वय १०६ असल्याचं मासिकाने सांगितलं. व्होगच्या मुखपृष्ठावरची सगळ्यात वयस्क व्यक्ती. ओठांवर लाल रंग, दंडांवर स्वतःचं जुनं गोंदण, कातडीला इतक्या सुरकुत्या की गोंदणाच्या रेषा त्यांतून वळत जातात. रिटच करून गुळगुळीत केलेलं नाही. हे तिकिटाएवढं करून बघितलं तर गोंदण जातं, सुरकुत्या जातात. मोठ्या पानावर मात्र मी दर वेळी नवीन रेष शोधते.

ते मुखपृष्ठ जगभर फिरलं. आधी फॉलोअर्सचा आकडा आणि मग मुखपृष्ठ असा क्रम नव्हता. गोंदून घ्यायला लोक त्यांच्याकडे लांबून जायचे हे खरं, पण जगभरातल्या अनेकांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते या मुखपृष्ठामुळे.

जुलै २०२० चा ब्रिटिश व्होगही तसाच. एडवर्ड एनिनफुल संपादक होते. टाळेबंदीत काम करणाऱ्या तिघी: एक रेल्वेचालक, एक सुईण, एक सुपरमार्केटमधली कर्मचारी. तीन मुखपृष्ठं, तिघी कामाच्या कपड्यांत. त्याआधी एप्रिलला इटलीच्या व्होगने तर पूर्ण पांढरं मुखपृष्ठ काढलं, फक्त मासिकाचं नाव.

यांतल्या कशालाही फॉलोअर्सचा रकाना लागला नाही, आणि तरी फोनवर ती खूप दिसली. मधलंपान, तुमच्या जाहिरातदाराला हे कधी दाखवलंत का?

मधलंपान

दाखवलं होतं, याच उदाहरणांसारखं एक. उत्तर आलं, "हे एकदाच चालतं." मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. पण माझ्याकडे पुरावा म्हणून द्यायला दुसरं मुखपृष्ठ नव्हतं, कारण आम्ही दुसरं काढलंच नव्हतं.

टाकाटिपा

मला पुढची भीती वेगळी आहे. ऑगस्ट २०२५ च्या अमेरिकन व्होगमध्ये गेस या कपड्यांच्या ब्रँडची जाहिरात होती, त्यातली मॉडेल संगणकाने, एआयने बनवलेली. मुखपृष्ठ नव्हे, आतली जाहिरात. कोपऱ्यात बारीक अक्षरात तसं लिहिलेलं होतं. तिच्या खांद्यावरून कोट कधी घसरणार नाही, कारण ती दमणार नाही. आणि आकडाच हवा असेल तर मिकेला नावाची संगणकी मुलगी २०१६ पासून इन्स्टाग्रामवर आहेच, लाखो फॉलोअर्स घेऊन. आकडा हीच अट ठेवली तर माणसाची अट कोण ठेवणार?

पायवाट

टाकाटिपा, हे वाचून अंगावर काटा आला. चिमटे लावताना तुमची बोटं गार लागायची ना मॉडेलना, आणि तुम्ही आधी हात चोळून घ्यायचात का? आमच्या एक ताई चोळायच्या. असं काही उगीच आठवलं.

टाकाटिपा

हो, चोळते. अजूनही.

रीळ

कोरा_कागद, एक विचारायचं राहिलं. त्या ओल्या केसांच्या मुलीचं पुढे काय झालं? आणि तो फोटो तिला मिळाला का? बहुतेक वेळा न छापलेला फोटो मॉडेलला कधी दिसतच नाही. आम्ही निवडक फाइली मासिकाला देतो, मासिक त्यातलं लागेल ते छापतं, उरलेलं कुणाच्या तरी डिस्कवर पडून राहतं.

कोरा_कागद

नाही मिळाला. तुम्ही विचारेपर्यंत माझ्या हे डोक्यातही आलं नाही, याची लाज वाटते.

तो भिंतीवरचा प्रिंट माझ्याकडे आहे. बैठक संपल्यावर बाकीचे फाडून टाकले, तो मात्र मी ठेवून घेतला, पुठ्ठ्याच्या नळीत. काल रात्री काढला. रंग थोडा उतरलाय, बाकी जसाच्या तसा. ती अजून विचारायच्याच बेतात आहे.

रीळ

पाठवायच्या आधी फोटो ज्याने काढला त्याला विचारा. हक्क त्याचा असेल किंवा मासिकाचा, करारावर अवलंबून. पण फोटोग्राफर बहुतेक खूशच होईल.

कोरा_कागद

आठ दिवसांनी लिहितेय, उशिराबद्दल क्षमस्व.

फोटोग्राफरला फोन केला. तो आधी गप्पच झाला, मग म्हणाला, "तो फोटो अजून आहे?" करार बघून त्याने होकार कळवला, वर मूळ फाइल शोधून पाठवतो म्हणाला. मुलगी मला तिच्या जुन्या एजन्सीतर्फे सापडली. ती आता मॉडेलिंग करत नाही, एका शाळेत शिकवते. तिला निरोप पाठवला की त्या दिवशीचा एक फोटो आहे, बघायचाय का. तिचं उत्तर आलं, "त्या दिवशीचे सगळे फोटो वाईट आले असं मला सांगितलं होतं."

कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही.

प्रिंट कालच कुरिअरने गेला. चारही कोपऱ्यांत टाचण्यांची भोकं आहेत. ट्रिम करून कडा सरळ कराव्यात असं आधी वाटलं होतं, पट्टी-कटर काढून बसलेही. मग तसाच गुंडाळला, आणि सोबत चिठ्ठीत लिहिलं की ही भोकं कशाची आहेत, आणि त्या दिवशी खोलीत किती वेळ कुणी बोललं नव्हतं.